डासांवर नवं औषध: नेमकं अडतंय कुठे?

कीटकायन

परवा दुसऱ्या एका धाग्यावर कुणीतरी वैतागून लिहिलं होतं, "विज्ञान एवढं पुढं गेलं, पण डासांवर एक धड औषध काढता येत नाही यांना." तिथेच उत्तर टंकायला घेतलं, ते फार लांबलं, म्हणून हा वेगळा धागा. मी इन्सेक्टरीत काम करते. डास वाढवायचे आणि त्यांच्यावर संयुगं तपासायची, हेच रोजचं काम. त्यामुळे लिहिण्यात थोडा एकांगीपणा येईल. रसायनवाल्यांनी हवं तिथे टोकावं.

पहिली गोष्ट म्हणजे डास मारणारी संयुगं ढिगाने आहेत. मात्रा वाढवत नेली तर लॅबच्या कपाटातल्या निम्म्या बाटल्या डास मारतील. हवं असतं ते वेगळंच. डास भिंतीवर किंवा जाळीवर काही मिनिटं टेकला की तेवढ्यात पायांतून आत शिरलं पाहिजे. भिंतीवर निदान सहा महिने टिकलं पाहिजे, आणि मच्छरदाणीवर असेल तर वीस धुण्यांनंतरही उरलं पाहिजे. त्याच मच्छरदाणीत रात्रभर झोपलेल्या तान्ह्या बाळाला त्याचा त्रास होता कामा नये. शिवाय जुन्या औषधांना न जुमानणाऱ्या डासांवरही ते चाललं पाहिजे. इतक्या अटी लावल्यावर लाखांतून हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी संयुगं उरतात.

जुन्या औषधांचं काय झालं ते थोडक्यात सांगते. डीडीटी प्रयोगशाळेत १८७४ मध्येच तयार झालं होतं. ते कीटक मारतं हे पॉल म्युलर यांना १९३९ मध्ये दिसलं आणि १९४८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. म्हणजे पासष्ट वर्षं संयुग हाताशी होतं, ते कीटकांवर घालून पाहायचं कुणाच्या मनात आलं नव्हतं. त्यानंतर ऑर्गॅनोफॉस्फेट, कार्बामेट आणि पायरेथ्रॉइड आली. कुटुंबं चार दिसत असली तरी डासाच्या शरीरात ती दोनच ठिकाणी जाऊन बसतात. डीडीटी आणि पायरेथ्रॉइड बसतात चेतापेशींच्या सोडियम चॅनलवर, उरलेली दोन ॲसिटिलकोलिनएस्टरेज या एन्झाइमवर. त्यामुळे सोडियम चॅनलमध्ये १०१४ क्रमांकाच्या जागी ल्युसीन हे अमिनो आम्ल जाऊन फेनिलॲलनीन किंवा सेरीन आलं की डीडीटी आणि पायरेथ्रॉइड दोन्ही एकदमच बोथट होतात. याला केडीआर म्युटेशन म्हणतात.

आणि मच्छरदाण्यांवर तर कित्येक वर्षं आपण फक्त पायरेथ्रॉइडच लावत आलो. आफ्रिकेत २००० ते २०१५ या काळात मलेरियाच्या सुमारे ६६ कोटी केसेस टळल्या, आणि त्यातलं ६८ टक्के श्रेय औषधी मच्छरदाण्यांना दिलं जातं. एवढा सगळा भार एकाच कुटुंबावर.

आता माझा मुद्दा. नवीन रेणू सापडत नाहीत असं आपण म्हणतो तेव्हा बऱ्याचदा रेणू समोरच असतो आणि आपल्या चाचणीची चाळणी त्याला खाली पाडते. क्लोरफेनापिर हे त्याचं ठळक उदाहरण. हे शेतीत १९९० च्या दशकापासून वापरात आहे. डासांवर मच्छरदाण्यांची नेहमीची चाचणी लावली तर ते सपशेल नापास होतं. त्या चाचणीत प्लास्टिकचा शंकू जाळीवर ठेवतात, आत पाच माद्या सोडतात, तीन मिनिटांनी काढतात आणि चोवीस तासांनी मेलेल्या मोजतात. पायरेथ्रॉइडसाठी हे उत्तम आहे, कारण ते चेतासंस्थेवर घाव घालतं आणि डास मिनिटांत लुळा पडतो. क्लोरफेनापिर स्वतः फारसं काही करत नाही. डासाच्या शरीरातली पी४५० एन्झाइम (बाहेरून आलेली रसायनं मोडणारी) त्याचा एक तुकडा तोडतात, त्यातून ट्रालोपिरिल तयार होतं आणि ते मायटोकॉन्ड्रियात शिरून ऊर्जानिर्मिती मोडून टाकतं. डास जितका उडणार, जितकी ऊर्जा जाळणार, तितका लवकर मरणार. दिवसा लॅबमध्ये शंकूत सुस्त बसलेल्या ॲनॉफिलिसवर, म्हणजे मलेरियाच्या डासावर, त्याचा परिणाम दिसणार कसा? तेच डासांना रात्रभर उडू दिलं आणि मेलेले बहात्तर तासांनी मोजले, तर चित्र पालटतं.

यातली गंमत अशी की, पायरेथ्रॉइडला पचवणारे डास तेच पी४५० वाढवून बसलेले असतात. म्हणजे ज्या हत्याराने ते जुनं औषध मोडतात, त्याच हत्याराने नवं औषध स्वतःवर चालवून घेतात. पायरेथ्रॉइड आणि क्लोरफेनापिर एकत्र असलेल्या मच्छरदाण्यांची टांझानियात मोठी चाचणी झाली. नुसत्या पायरेथ्रॉइडच्या मच्छरदाण्यांच्या तुलनेत मुलांमधला मलेरिया दोन वर्षांत ४४ टक्क्यांनी कमी आढळला. बेनिनमध्ये ४६ टक्के. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांची ठाम शिफारस केली. शेतातून मच्छरदाणीपर्यंत यायला इतकी वर्षं लागली, त्यात चाचणीचा वाटा किती, यावर लोकांचं मत ऐकायला आवडेल.

अवलिया

वाचतोय. वाखु (वाचनखूण) साठवली आहे. डासाला व्यायाम करायला लावून मारायचं ही कल्पनाच भन्नाट.

शंकासुर

लेख उत्तम, पण एक शंका. दर आठवड्याला बातमी येते की अमुक पानांच्या अर्काने डासांच्या अळ्या शंभर टक्के मेल्या. असे शोधनिबंध हजारोंनी असतील. त्यातलं एकही औषध बाजारात दिसत नाही. कंपन्या दाबतात की मुळातच काही तथ्य नाही?

कीटकायन

शंकासुर, कुणी दाबत नाही हो. आकडे बघा म्हणजे कळेल. अळ्यांच्या चाचणीत साधारण १०० मिली पाण्यात तिसऱ्या किंवा चौथ्या अवस्थेतल्या २५ अळ्या सोडतात आणि चोवीस तासांनी मोजतात. निम्म्या अळ्या मारणारी मात्रा म्हणजे एलसी५०. अर्कांच्या निबंधांत ती बहुधा दशलक्ष भागांत तीस, पन्नास, कधी दोनशे भाग अशी असते. टेमेफॉस हे जुनं अळीनाशक दशलक्ष भागांत एका भागाच्या शंभराव्या हिश्शाच्या आसपास काम करतं. हजारो पटींचा फरक आहे. टाकीभर पाण्याला बादलीभर अर्क लागणार असेल तर त्याला औषध कोण म्हणणार?

दुसरं म्हणजे कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेलं, औषध न घातलेलं भांडं. अर्क पाण्यात विरघळत नाही म्हणून ॲसिटोन किंवा डीएमएसओ वापरतात. कंट्रोलच्या भांड्यात तेवढंच द्रावक घालायला हवं, नाहीतर अळ्या अर्काने मेल्या की द्रावकाने ते कळणार नाही. कंट्रोलमध्येही पाच ते वीस टक्के मेल्या तर १९२५ पासून चालत आलेलं ॲबटचं सूत्र लावून आकडा दुरुस्त करतात, आणि वीस टक्क्यांच्या वर मेल्या तर अख्खी चाचणी फेकून देतात. निबंध हातात आला की मी आधी कंट्रोलचा रकाना बघते. तो रकानाच नसेल तर पुढे वाचत नाही.

मोजणाऱ्याचा डोळा हाही मोठा प्रश्न आहे. तळाशी निपचित पडलेली अळी मेलेली असतेच असं नाही. सुईने श्वासनळीजवळ हलकेच डिवचायचं. झटका देऊन वर गेली तर जिवंत. नुसती वळवळली पण पृष्ठभागापर्यंत पोचली नाही, तर ती मरणासन्न, म्हणजे मेलेल्यांत धरायची. दोन नवशिक्या माणसांना एकच भांडं मोजायला द्या, दोन वेगळे आकडे येतील.

पण वनस्पतींमध्ये काही नाही असं मुळीच म्हणायचं नाही मला. पायरेथ्रॉइडचं मूळ एका पांढऱ्या फुलातच आहे.

रसायनी

इथे माझी एंट्री.

त्या फुलातलं पायरेथ्रिन कीटकांवर जबरदस्त चालतं, पण उन्हात काही तासांत विघटित होतं. त्याची रचना श्टाउडिंगर आणि रुझिका यांनी १९२० च्या दशकात उलगडली. पहिलं कृत्रिम रूप, ॲलेथ्रिन, १९४९ चं. उन्हात टिकणारं परमेथ्रिन थेट १९७३ मध्ये, इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड या शेती संशोधन केंद्रात मायकेल इलियट यांच्या गटाने केलं. म्हणजे रचना कळल्यापासून उन्हाला तोंड देणारा रेणू हाती यायला जवळजवळ पन्नास वर्षं. फुलाने दिशा दाखवली, बाकीचं काम रसायनाने केलं.

उलट उदाहरण कडुनिंबातल्या ॲझाडिरॅक्टिनचं. १९६८ मध्ये वेगळं काढलं, नेमकी रचना पक्की व्हायला १९८५ उजाडलं, आणि प्रयोगशाळेत पूर्ण संश्लेषण २००७ मध्ये झालं, स्टीव्हन ली यांच्या गटाकडून, बावीस वर्षांच्या खटपटीनंतर. रेणू इतका गुंतागुंतीचा की कारखान्यात बनवणं परवडतच नाही. झाडातून काढा आणि जमेल तसं वापरा, एवढंच हाती राहतं.

आता कीटकायन यांच्या मूळ मुद्द्याबद्दल. अर्धवट सहमत. चाचणी महत्त्वाची आहे, पण खरा अडथळा पैशाचा आहे. नवीन सक्रिय घटक शून्यापासून बाजारात न्यायला दहा-बारा वर्षं जातात आणि खर्च प्रचंड होतो. डासांच्या औषधांचं गिऱ्हाईक म्हणजे मुख्यतः देणग्यांवर चालणारे कार्यक्रम. नुसत्या डासासाठी कोणती कंपनी एवढा पैसा ओतेल? म्हणून जवळजवळ प्रत्येक औषध आधी पिकांसाठी बनतं आणि मग डासांकडे येतं. २००५ मध्ये लिव्हरपूलला आयव्हीसीसी ही संस्था उभी राहिली ती याच अडचणीतून. कंपन्यांच्या गोदामांत लाखो संयुगं नुसती पडून आहेत, ती डासांवर तपासायला द्या, खर्चाचा भार आम्ही वाटून घेतो, असा तो मामला.

शेतीतून रेणू आणण्याचा तोटाही सांगून ठेवतो. शेतात फवारलेलं औषध डबक्यांत उतरतं आणि अळ्यांना लहानपणापासून त्याची ओळख होते. आपण भिंतीवर मारायच्या आधीच डास तयारीत. कॅमेरूनमध्ये शेतीच्या भागातल्या ॲनॉफिलिसमध्ये क्लोथियानिडिनच्या बाबतीत हे दिसलंय.

शंकासुर

अर्कांचं पटलं. माघार. पण मग ही लाखो संयुगं चाळून निघालं तरी काय?

रसायनी

दोन नावं सांगतो. एक क्लोथियानिडिन, निओनिकोटिनॉइड गटातलं, भिंतीवरच्या फवारणीसाठी. दुसरं ब्रोफ्लानिलाइड, हेही फवारणीचंच. हे जास्त रोचक आहे. गाबा या चेतासंदेशकाच्या क्लोराइड चॅनलवर ते काम करतं. या चॅनलवर पूर्वी डिल्ड्रिन वापरलं गेलं होतं आणि डासांनी आरडीएल नावाचं म्युटेशन कमावून ते निकामी केलं होतं. त्यामुळे बरीच वर्षं या टार्गेटकडे कुणी वळत नव्हतं. ब्रोफ्लानिलाइड त्याच चॅनलवर, पण वेगळ्या जागी बसतं. जुनं म्युटेशन त्याच्या आड येत नाही. टार्गेट जुनं असलं तरी खोबण नवी शोधता येते, हा त्यातला भाग मला फार आवडतो.

आणि एक रसायनशास्त्राचा चमत्कार, ज्यात नवं संयुगही नाही. डेल्टामेथ्रिन हे पायरेथ्रॉइड अनेक दशकं वापरात आहे. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या गटाने २०२० मध्ये दाखवलं की, बाजारात मिळणारे स्फटिक ११० अंशांना काही मिनिटं तापवून गार केले की रेणू तोच राहतो, पण स्फटिकाची मांडणी बदलते. हे नवे स्फटिक डासांना बारा पटींपर्यंत अधिक वेगाने लोळवतात. डास स्फटिकावर चालतो, त्याच्या पायाला जे चिकटतं आणि विरघळून आत जातं तेच कामाचं. घट्ट रचलेल्या स्फटिकातून रेणू सुटायला वेळ लागतो. "नवं संयुग शोधा" म्हणणाऱ्यांनी अधूनमधून जुन्याचा घन अवस्थेतला स्वभावही तपासावा.

कीटकायन

रसायनी, धन्यवाद, पण क्लोथियानिडिनने माझीच बाजू भक्कम केलीत तुम्ही! तेही सावकाश मारणारं आहे, सात-सात दिवस मोजत बसावं लागतं. शिवाय बाटलीला आतून औषध लावून त्यात डास सोडायच्या चाचणीत काचेवर त्याचे स्फटिक धरतात आणि पायाला औषध लागतच नाही. मग तेलजन्य सहायक मिसळावा लागला. तो न घालता तपासणाऱ्यांना साधे, कधीही औषध न पाहिलेले डासही "प्रतिकारक" वाटले असते. पैसा हवाच, नाही कोण म्हणतंय. पण पैसा ओतून चुकीच्या चाळणीतून चाळलं तर हातात तेच ते चेतासंस्थेवरचं, झटपट मारणारं काहीतरी येणार.

मध्यमा

मला यातलं रसायन कळत नाही, पण एक विचारते. निओनिकोटिनॉइड म्हणजे मधमाश्यांमुळे गाजलेली तीच ना? युरोपात बंदी आली होती. तीच घरात भिंतीला मारायची?

रसायनी

ताई, प्रश्न रास्त आहे. युरोपीय संघाने २०१८ मध्ये क्लोथियानिडिनसह तीन निओनिकोटिनॉइडचा उघड्यावरचा वापर बंद केला. मधमाशीचा संबंध येतो तो फुलांतून, परागांतून. घराच्या आतल्या भिंतीवर मधमाशी सहसा येत नाही, म्हणून तिथला हिशोब वेगळा लागतो. तरी फवारणीनंतर पंप धुतलेलं पाणी कुठे ओततात, हा प्रश्न उरतोच, आणि त्यावर काटेकोर नियम असतात.

माणसाच्या बाबतीतही "सुरक्षित" हा शब्द मोघम आहे. जाळीच्या धाग्यावर असलेलं क्लोरफेनापिर आणि बाटलीतलं शेतीचं क्लोरफेनापिर यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. बाटलीतलं पोटात गेलं तर सुरुवातीला माणूस बरा वाटतो आणि काही दिवसांनी अचानक खालावतो. त्यावर उतारा नाही. मायटोकॉन्ड्रिया आपल्यालाही आहेत, त्याला काय करणार. म्हणून नवं टार्गेट शोधताना पहिला प्रश्न असतो की, हे फक्त डासातच आहे का, किंवा दोघांत असलं तरी पुरेसं वेगळं आहे का.

मध्यमा

समजलं. पंपाच्या पाण्याचं डोक्यातच आलं नव्हतं.

पाणवठा

सगळे उडणाऱ्या डासावरच बोलताहेत. मी अळीनियंत्रणातला माणूस, म्हणून जरा वेगळा सूर.

मच्छरदाणी रात्री चावणाऱ्या ॲनॉफिलिससाठी ठीक. डेंग्यूचा एडिस दिवसाढवळ्या चावतो आणि घरातल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. तिथे पाण्यातच औषध लागतं, आणि पाणी पिण्याचं असू शकतं. टेमेफॉसला पिण्याच्या पाण्यात लिटरला एक मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे, पण त्यालाही प्रतिकार आलाय.

माझ्या मते या क्षेत्रातला सर्वांत यशस्वी शोध म्हणजे बीटीआय. तसा तो रेणू नाही, जिवाणू आहे. १९७६ मध्ये नेगेव वाळवंटातल्या एका डबक्यात मेलेल्या अळ्या दिसल्या, त्यातून हा जिवाणू वेगळा केला. त्याच्या स्फटिकात मुख्य अशी चार विषारी प्रथिनं असतात आणि ती एकमेकांना साथ देतात. अळीने एकाला तोंड दिलं तरी बाकीची आहेत. त्यात सायट१ए नावाचं एक आहे, ते इतरांविरुद्धचा प्रतिकार रुजूच देत नाही. इतक्या दशकांच्या वापरानंतरही शेतात-तळ्यात बीटीआयला टिकाऊ प्रतिकार उभा राहिलेला नाही. नवीन संयुग शोधणाऱ्यांनी निसर्गाकडून शिकायचं असेल तर हे शिकावं. एकच हुकमी रेणू शोधण्यापेक्षा सुरुवातीपासूनच चौघांची टोळी तयार करा.

दुसरं पायरीप्रॉक्सिफेन. हे अळीच्या वाढीच्या संप्रेरकाची नक्कल करतं. अळी जगते, कोष होतो, पण त्यातून डास बाहेर पडत नाही. इथेही कीटकायन म्हणतात तसंच आहे. चोवीस तासांनी अळ्या मोजल्या तर सगळ्या ठणठणीत! कोषातून किती डास निघाले ते मोजायचं असतं, त्याला आठवडा-दीड आठवडा लागतो. मात्रा इतकी कमी पुरते की मादीच्याच पायांना पूड लावून तिच्याकरवी ती अंडी घालायच्या पाण्यात पोचवायचे प्रयोग झाले आहेत. कुठल्या कुंडीच्या बशीत किंवा फुटक्या टायरमध्ये पाणी साचलंय हे आम्हाला सापडत नाही. तिला बरोबर सापडतं.

अवलिया

डासालाच कुरियर केलं राव.

अवांतर: एवढं सगळं करण्यापेक्षा एआयला सांगितलं तर? आजकाल रेणू वगैरे तोच काढतो म्हणे.

कीटकायन

अवलिया, हसण्यावारी नेऊ नका, होतंय ते. पण गाडी कुठे अडते बघा. यंत्राला शिकवायला आकडे लागतात. डासांना पळवून लावणाऱ्या संयुगांचा सर्वांत मोठा जुना साठा अमेरिकी कृषी खात्याचा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सैनिकांसाठी हजारो संयुगं माणसांच्या हातांवर आणि कापडावर लावून तपासली होती. डास पळवणारं डीटही १९४६ चं, याच धडपडीतलं. अलीकडे संशोधकांनी त्या छापील नोंदी संगणकात उतरवल्या आणि वासाचा अंदाज बांधणाऱ्या मॉडेलला शिकवायला वापरल्या. त्यातून काही नवी संयुगं निघाली, काही डीटच्या तोडीची. म्हणजे ऐंशी वर्षांपूर्वी कुणीतरी पिंजऱ्यात हात घालून, मिनिटं मोजून कागदावर लिहिलं, म्हणून आज यंत्राला शिकता आलं.

मॉडेलने यादी दिली तरी ती शेवटी इन्सेक्टरीत येते. तिथे तोंडाने ओढायच्या नळीत एकेक मादी उचलायची, तीन ते पाच दिवसांची, रक्त न प्यालेली. हिरव्या ठिपक्याच्या नळीत वीस-पंचवीस जणी भरायच्या, मधली पट्टी सरकवायची आणि हलकी फुंकर घालून त्यांना लाल ठिपक्याच्या नळीत पाठवायचं, तिथे औषधाचा कागद असतो. तासाभराने परत हिरव्यात. हे अजून कुठलंही यंत्र माझ्याइतकं बरं करत नाही. (करू लागलं तर मी सुखाने निवृत्त होईन.)

नवशिका

नमस्कार. पदव्युत्तर प्रकल्पासाठी विषय शोधतोय, म्हणून हा धागा अधाशासारखा वाचला. मारण्याऐवजी दुसरं काही करणारी संयुगं आहेत का? म्हणजे डास जगला, पण रोग पसरला नाही असं काही?

कीटकायन

आहेत, आणि माझ्या मते सध्या सर्वांत रोचक काम तिथेच चाललंय. २०१९ मध्ये हार्वर्डच्या गटाने ॲटोव्हाक्वोन हे माणसांचं मलेरियाचं औषध काचेवर लेपलं आणि त्यावर ॲनॉफिलिस माद्या बसवल्या. सहा मिनिटांच्या स्पर्शात औषध पायांतून आत गेलं आणि डासाच्या पोटातला परजीवी वाढायचा थांबला. डास मजेत जगला. पण माणसांचंच औषध जाळीवर लावणं धोक्याचं, परजीवी त्यालाच सरावला तर रुग्णांचं काय? म्हणून मग परजीवीविरोधी दुसरी संयुगं तपासली आणि २०२५ मध्ये क्विनोलोन गटातली दोन जाळीसारख्या पदार्थात घालून दाखवली. डास पायरेथ्रॉइडला प्रतिकारक असला तरी आतला परजीवी मेला.

दुसरी गोष्ट स्पेनमधल्या त्रेस कांतोसची. एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये डासांची एक वसाहत मलेरियाचा संसर्गच घेईना. वैतागून टाकून द्यायची वेळ आली असती, पण त्यांनी कारण शोधलं. डासांच्या आतड्यात डेल्फ्टिया नावाचा जिवाणू वस्तीला होता आणि तो हार्मेन नावाचं संयुग सोडत होता. ते परजीवीची वाढ रोखतं आणि नुसत्या स्पर्शानेही डासाच्या अंगात उतरतं. २०२३ मध्ये हे प्रसिद्ध झालं. कुणीही हार्मेन शोधायला निघालं नव्हतं.

रसायनी

माझ्याकडून एक भर, कारण ही साखळी मला कायम चकित करते. बॉटलब्रशच्या झाडाखाली तण कमी उगवतं हे १९७७ मध्ये एका रसायनज्ञाने टिपलं. त्यातल्या रेणूवरून तणनाशकांचं एक कुटुंब तयार झालं. त्यातलंच नितिसिनोन १९९० च्या दशकापासून एका दुर्मीळ आनुवंशिक आजारावर मुलांना देऊ लागले. ते टायरोसीन (प्रथिनांतलं एक अमिनो आम्ल) मोडणारं एक एन्झाइम अडवतं. आता डास बघा. पाणी वगळलं तर रक्त म्हणजे बहुतेक प्रथिनच, त्यात टायरोसीन भरपूर. ते मोडताच आलं नाही तर डासाला त्याचं जेवणच भोवतं. २०२५ मध्ये दाखवलं गेलं की हे औषध घेणाऱ्या रुग्णांचं रक्त प्यायलेले डास मरतात. चेतासंस्थेशी काही संबंध नाही, त्यामुळे केडीआर असो नसो, फरक पडत नाही. रक्त न पिणाऱ्या कीटकाला टायरोसीनचा एवढा लोंढा झेलावाच लागत नाही, म्हणजे मध्यमाताईंच्या मधमाशीलाही दिलासा.

शंकासुर

हे असलं सगळं एका ठिकाणी वाचायला मिळत नाही. पण शंका आहेच. क्लोरफेनापिरला डास आयुष्यभर असेच फसत राहतील? पी४५० कमी केली की सुटले.

कीटकायन

बरोबर पकडलंत. पी४५० कमी केली तर पायरेथ्रॉइड त्यांना मारतं, म्हणून तर दोन्ही एकाच जाळीवर आहेत. पण केडीआर वेगळ्या मार्गाने पायरेथ्रॉइडपासून वाचवतं, त्यामुळे ही कोंडी अभेद्य नाही. आणखी एक विसरू नका, पीबीओ. पायरेथ्रॉइडच्या काही मच्छरदाण्यांत ते पी४५० दाबण्यासाठीच घालतात. त्या जाळ्या आणि क्लोरफेनापिरच्या जाळ्या एकाच घरात लावल्या तर डास आधी पीबीओवर टेकून मग क्लोरफेनापिरवर बसेल, आणि औषधाचं विषात रूपांतर होणंच मंदावेल.

पाणवठा

हे खरेदी ठरवणाऱ्यांना कुणीतरी सांगा. "दोन्ही चांगल्या, दोन्ही घ्या" हेच चालतं.

नवशिका

खूप आभार सगळ्यांचे. मी आता सावकाश मारणाऱ्या संयुगांच्या चाचणीवरच काम करायचं म्हणतोय. बहात्तर तास डास ठेवायचे तर कंट्रोलमधलेच मरत नाहीत का? आमच्याकडे चोवीस तासांचीच सवय आहे.

कीटकायन

मरतात, म्हणूनच काळजी घ्यावी लागते. साखरेचं दहा टक्के पाणी कापसाच्या बोळ्यावर, बोळा रोज बदलायचा, नाहीतर बुरशी धरते. तापमान २७ अंशांच्या आसपास, आर्द्रता ७५ टक्के. कागदी कपात ठेवत असलात तर वर ओला टॉवेल टाका, कडेला मुंग्यांची वाट बंद करा. मुंग्या मेलेले डास उचलून नेतात आणि सकाळी बेरीज जुळत नाही. संवेदनशील आणि प्रतिकारक अशा दोन्ही वसाहती एकाच दिवशी, शेजारी-शेजारी तपासा. आणि दिवे उलटे करून घ्या, म्हणजे खोलीत दिवसा अंधार आणि रात्री उजेड. तुम्ही कामावर असाल तेव्हा डासांची रात्र असेल. पहिले आकडे आले की इथेच टाका, कंट्रोलच्या रकान्यासकट.